द्राक्षबागवाल्याशी लग्न करून पुणं सोडू का? कळतच नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार, बरेच दिवस लिहू का नको करत होते. वय 29, हिंजवडीत टेस्टिंगमधे आहे, हातात 62 हजार येतात. तो पिंपळगाव बसवंतच्या बाजूचा, बीएस्सी ॲग्री, साडेचार एकर द्राक्षबाग. नाशिकला कॉलेजात असल्यापासूनची ओळख, लग्न करायचंय हे ठरूनही पाच वर्षं झाली, पण थांबलंय ते माझ्यामुळे आणि आता त्याच्या घरचे म्हणतात दिवाळीच्या आत काय ते सांगा. फुल टाइम घरून काम द्यायला ऑफिस तयार नाही, म्हणजे लग्न केलं की नोकरी सोडायचीच.

माझ्या वडिलांनी वैजापूरकडची कोरडवाहू जमीन सोडून पिंपरीत कंपनीत 28 वर्षं काढली. ते ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले की तुझ्या आईला ज्यातून बाहेर काढलं त्यातच तू परत चाललीस. तेव्हापासून झोप नीट नाही.

2022 ला सोलापुरात लग्न जमत नाही म्हणून शेतकरी पोरं नवरदेव बनून कलेक्टर ऑफिसवर गेलेली आठवतंय का? ऑफिसात सगळे तो व्हिडिओ बघून हसत होते आणि मला रडू आलं, कारण माझा माणूस त्यांच्यातलाच आहे.

पण भीती खरी आहे. नोव्हेंबर 2023 ला निफाड भागात गारपीट झाली त्या दिवशी त्याचा फोन आला, बोलला काहीच नाही, नुसता पत्र्यावर गारांचा आवाज. ऑक्टोबर छाटणीपासून एकरी अडीच-तीन लाख घातलेले, मणी धरलेले, सगळं अर्ध्या तासात गेलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हा ट्रॅक्टरला ब्लोअर (औषध फवारायचं यंत्र) जोडून फवारणीला बागेत!

अजून एक गोष्ट जी मी त्याला पण नीट सांगू शकले नाहीये. त्याची आजी 1986 ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं त्याला गेलेली, पुढे लक्ष्मीमुक्तीच्या (बायकोच्या नावावर जमीन करायची शेतकरी संघटनेची मोहीम) वेळी आजोबांनी एक एकर तिच्या नावावर केला, आजही घरात तिला विचारल्याशिवाय काही होत नाही. आणि त्याची आई मजुरांच्या चहापासून डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (घडातले जास्तीचे मणी काढणं) पर्यंत सगळं करते, तिच्या नावावर काहीच नाही, साडी घ्यायची तरी पैसे मागावे लागतात. मला कष्टाचं काही वाटत नाही हो, पण मी त्या घरात आजीसारखी असेन का आईसारखी, हे लग्नाआधी कसं ओळखायचं?

ज्या नोकरी सोडून बागायतदाराच्या घरी गेल्या त्यांनी प्लीज खरं खरं सांगा.

प्रतिसाद – बागेतली सून
ताई, मी 11 वर्षांपूर्वी नाशिकहून दिंडोरीकडे आले. प्रेमाबद्दल मी काय सांगणार, ते तुलाच माहीत, पण आधी सातबारा बघ. सरकारच्या लक्ष्मीमुक्ती योजनेत बायकोचं नाव लावता येतं पण जमीन नवऱ्याच्या नावावर पाहिजे, सासऱ्यांच्या नावावर असेल तर आधी ती त्याच्याकडे यावी लागते. कर्ज किती ते सोसायटीचं, बँकेचं आणि औषध दुकानाची उधारी असं तिन्ही विचार, मुलं तिसरं सांगत नाहीत. मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं, त्या पैशापेक्षा लपवल्याचं जास्त लागलं. आणि छाटणी झाल्यावर आठ दिवस रजा काढून जा, पाऊस येईल का या काळजीत घर कसं वागतं ते बघ, हंगाम चांगला असताना सगळेच गोड बोलतात.

धागाकर्ती
ताई खूप थँक्स. जमीन अजून त्याच्या वडिलांच्याच नावावर आहे, आत्ताच फोन करून विचारलं. उधारीचं विचारल्यावर तो जरा गप्प झाला, मग म्हणाला समोर ये, वही दाखवतो. शनिवारी जातेय. आईला सांगितलंय, बाबांना अजून नाही.