एचआयव्हीची चाचणी घरच्या घरी: किट वस्तीतल्या माणसांनी वाटावं का? (चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

हायवेकाठ
हायवेवरच्या ट्रक अड्ड्यांवर मी आठ वर्षं कंडोम वाटले, लोकांना तपासणीला नेलं. तपासणी फुकट, 2004 पासून सरकारी एआरटीही (एचआयव्हीवरच्या रोज घ्यायच्या गोळ्या) फुकट, मग लोक येत का नाहीत, असं मला नेहमी विचारतात. एकदा एका ड्रायव्हरला रुग्णालयात नेलं. केसपेपर काढला, जिना चढलो. त्याने दारावरची एचआयव्हीची पाटी वाचली आणि समोरच्या बाकावर त्याच्याच गावची एक बाई बसलेली पाहिली. "पाणी पिऊन येतो" म्हणाला तो गेलाच. दीड वर्षाने भेटला तेव्हा अंगावर शर्ट लोंबत होता.

जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्येच स्वचाचणीची शिफारस केली. झांबिया, मलावी, झिम्बाब्वेत वस्तीतल्याच माणसांनी दारोदार किट वाटली. हिरड्यांवरून पट्टी फिरवायची, नळीतल्या द्रवात बुडवायची, वीस मिनिटं थांबायचं. सुई नाही, रक्त नाही. आपल्याकडेही सेक्सवर्कर, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, ट्रकवाले यांना त्यांच्यातल्याच पीअरच्या, म्हणजे हे काम करणाऱ्या साथीदाराच्या, पिशवीतून हे किट मिळायला हवं.

केबिन नंबर सात
दादा, तुमच्या ड्रायव्हरसारखे मीही पुष्कळ पाहिलेत. तरी माझा विरोध आहे. मी समुपदेशक आहे. एका बाईला रिपोर्ट सांगितला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "मुलीला माझ्या ताटात जेवायला घेऊ ना?" मी "घ्या" म्हटल्यावर मग ती रडली. हा प्रश्न ती रात्री अकरा वाजता त्या पट्टीला विचारणार का?

आणि तेव्हा ती एकटी असेल तर बरंच म्हणायचं. नवरा समोर बसवून चाचणी करायला लावेल. कुंटणखाना चालवणारी घरवाली नवीन मुलीला लावेल. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने चाचणीच्या संमतीतच आधीचं आणि नंतरचं समुपदेशन धरलंय. पिशवीतून किट दिलं की ही संमती कोण बघणार?

लॅबवाला
थोडा हिशेब मांडतो. समजा, किट हजारातल्या पाच निरोगी माणसांना चुकून पॉझिटिव्ह दाखवतं. देशात प्रौढांमधली लागण साधारण 0.2 टक्के. सरसकट 10,000 लोकांना किट वाटलं तर खरे पॉझिटिव्ह 20 आणि खोटे जवळजवळ 50! तेच 5 टक्के लागण असलेल्या गटात वाटलं तर खरे 500, खोटे 48 च्या आसपास. म्हणून सगळ्या गावाला नको, हायवेकाठ म्हणतात तसं नेमक्या लोकांत द्या.

किटवर दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह, एक म्हणजे निगेटिव्ह; पण दोन रेघा म्हणजे निदान नव्हे. केंद्रावर तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. मागच्या तीन महिन्यांत जोखीम घेतली असेल तर एका रेघेवर निर्धास्त होऊ नये. एआरटी चालू असलेल्याने तर हे किट वापरूच नये, निगेटिव्ह दिसू शकतं. हे सगळं पाकिटावर मराठीत, ठळक अक्षरांत हवं.

पेठेतला मी
ताई, तुमच्यासारखं माणूस प्रत्येक केबिनमध्ये असतं तर मी हे लिहिलंच नसतं. मी समलिंगी आहे. पहिल्यांदा तपासणीला गेलो तेव्हा समोरच्याने विचारलं, "लग्न का नाही केलं?" मग पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत बसले. पुढची चार वर्षं मी तपासणी केली नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाचा निकाल 2018 मध्ये आमच्या बाजूने लागला, पण ती नजर मला अजून आठवते. मला आधी एकट्याने कळू दे. मग मी माझ्या पायांनी तुमच्याकडे येईन.

केबिन नंबर सात
तुमच्याशी जे झालं ते चूकच, आणि आमच्याच लोकांकडून झालं याची लाज वाटते. तुमच्या हातात किट द्यायला माझी ना नाही. पण टार्गेट येणार हो! महिन्याला इतकी किटं संपवा म्हटलं की पीअर ती उंबऱ्यात ठेवून पुढे जाणार. कंडोमच्या पेट्यांचं असं झालेलं मी पाहिलंय. वाटली किती ते मोजू नका, गोळ्या किती जणांच्या सुरू झाल्या ते मोजा. पण त्यासाठी नाव लिहावं लागेल, म्हणजे ज्या आडोशासाठी किट हवं तो आडोसाच गेला.

हायवेकाठ
नाव नको, पाकिटावर नंबर असू दे. आत तोच नंबर छापलेली चिठ्ठी आणि एचआयव्हीच्या 1097 हेल्पलाइनचा नंबर. माणूस केंद्रावर आला की चिठ्ठी देईल. घरवालीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण तिच्या घरात काय चाललंय ते बाहेरून येणाऱ्या आपल्यापेक्षा शेजारच्या खोलीतल्या बाईला जास्त कळतं. सांगलीत संग्राम या संस्थेच्या कामात सेक्सवर्कर बायकांनीच कंडोम वाटले, ते याचमुळे जमलं. किटही तिच्याच हातून जावं.

केबिन नंबर सात
नंबरचं पटलं. शेजारच्या खोलीतली बाई हे अर्धंच पटलं, कारण तीही त्याच घरवालीची देणेकरी असते. "मी चाचणी करणार नाही" असं त्या मुलीला म्हणता येईल, याची सोय आधी दाखवा. आणि ज्या बायका नवऱ्यासोबत राहतात त्यांचं तर अजून कुणी बोललंच नाही. तोवर त्या दोघींपुरता माझा विरोध कायम.