गिरणगाव काळाने गेलं की ठरवून घालवलं?

डिलाईल रोडवाला:
गेल्या आठवड्यात भाच्यासाठी भाड्याची खोली बघत होतो. एजंट फोनवर सारखा 'अप्पर वरळी, अप्पर वरळी' करत होता, जाऊन बघतो तर आपलं लोअर परळ. जिथे माझे वडील सव्वीस वर्षं कापडगिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागावर, राबले, त्या जागेचं नावसुद्धा बदलून विकतायत हे बघून रात्रभर झोप नाही लागली.

मी वाढलो तेव्हा घड्याळ भोंग्याचं होतं. पहिली पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरून जायचा, डोक्यात कापसाचे तंतू तसेच. लालबागला भारतमातामध्ये मराठी पिक्चर, हनुमान थिएटरात तमाशा, गणपतीत भजनाच्या डबलबाऱ्या. आता त्याच रस्त्यावर मॉल नि टॉवर, वॉचमन विचारतो कुणाकडे जायचंय. लोक म्हणतात काळ बदलला. माझं म्हणणं आहे काळाने काही केलं नाही, हे माणसांनी ठरवून केलंय. तुम्हाला काय वाटतं?

खानावळवालीची मुलगी:
दादा, तुमचं दुःख खरं आहे पण राग येतो असं वाचलं की. हे सगळं पुरुषांचं गिरणगाव. आमची दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही सहाजण, आणि आई रोज अठरा माणसांचं दोन वेळचं जेवण करायची. पहाटे साडेतीनला स्टोव्ह पेटायचा. नळावर भांडणं, मजल्यावर चार संडास, वयात आल्यावर कपडे बदलायला खोलीत कोपरा नाही. गाळ्यात, म्हणजे एका गावच्या माणसांच्या सामाईक खोलीत, वीस-वीस माणसं पाळीपाळीने झोपायची, त्यांच्या बायका सातारा-कोकणात एकट्या म्हाताऱ्या झाल्या. हे परत यावं असं मला एका क्षणासाठीही वाटत नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या लोकांना १६० फुटांच्या जागी ५०० फुटांची घरं मिळाली तेव्हा बाया रडत होत्या, ते बघा एकदा.

नवा परळकर:
ताईंशी सहमत. मी त्याच गिरण्यांच्या जागेवरच्या ऑफिसात नोकरी करतो, माझ्यासारखे हजारो मराठी पोरं-पोरी आहेत. गिरण्या तशाही मरणारच होत्या. मशिनरी जुनाट, मालकांनी पैसा घातला नाही, कापड भिवंडी-मालेगावच्या पॉवरलूमवर स्वस्तात निघायला लागलं. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडला, तो संप मागे घेतला असं कुणी कधी जाहीरसुद्धा केलं नाही. मग बंद पडलेल्या गिरण्यांच्या भिंती राखत बसायचं होतं का चाळीस वर्षं?

डिलाईल रोडवाला:
नाही राखायच्या. गिरणी बंद होणं वेगळं आणि गिरणीची जमीन कुणाला जाणं वेगळं, सगळे हे दोन्ही एकत्र करतात. १९९१ चा नियम काय होता? गिरणीची जागा विकासाला काढली की एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेला, घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल केला, वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची, शेडखालची जमीन धरायचीच नाही. आता गिरणीत रिकामी जागा असते किती? सगळी शेडच. हायकोर्टाने २००५ ला कामगारांच्या बाजूने निकाल दिला, २००६ ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. सहाशे एकरांच्या आसपास जमीन होती हो, शहराच्या मधोमध. 'रिकामी जमीन' म्हणजे काय एवढ्या अर्थावर बागा गेल्या, मैदानं गेली, घरं गेली. तुमच्या ऑफिसबद्दल माझी तक्रार नाही, पण त्याच्या शेजारी कामगाराचं घर आणि पोरांना मैदान मावत होतं.

आणि गर्दीचं बघा. रस्ते नि पूल गिरणीच्या काळातले, वर ऑफिसं हजारोंची. २०१७ ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली, त्याच वर्षी डिसेंबरात कमला मिल कंपाउंडमधल्या आगीत १४. याला पण काळच जबाबदार का?

वाईचा:
आमच्या आज्जीने वारस म्हणून गिरणी कामगारांच्या घराचा फॉर्म भरलाय, आजोबा बदली कामगार होते, म्हणजे कायमचा माणूस आला नाही की त्याच्या जागी कामाला. आता घर देणार म्हणे शेलू-वांगणीला. ज्याने लालबागात आयुष्य काढलं त्याच्या बायकोला बदलापूरच्या पुढे पाठवायचं, आणि आजोबांच्या गिरणीच्या जागेवर कोट्यवधीचे फ्लॅट. नवा परळकर, तुम्ही म्हणता ते अर्थशास्त्र पटतं मला पण हे कुठल्या हिशोबात बसतं ते सांगा.

नवा परळकर:
नाही बसत. २००१ चं मला खरंच माहीत नव्हतं, मी समजत होतो घरं दिली गेली. तरी मी म्हणेन, मोर्चे फक्त घरासाठी निघाले, मैदानासाठी आपल्यातलं कोण उतरलं?

खानावळवालीची मुलगी:
जमिनीचं पटलं दादा. चाळ पडली म्हणून मी रडणार नाही, पण ज्यांच्या घामावर ती जमीन सोन्याची झाली त्यांना तिथेच घर मिळायला हवं होतं.

एक सांगते. संपाबद्दल लिहिताना खानावळवाल्या बायांचं कोणी लिहीत नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यातून आईला बँकेचं कर्ज मिळालं म्हणून ती सावकाराच्या तावडीतून सुटली होती. मग संप आला. पगार बंद, तरी आईने पाच महिने एकालाही उपाशी उठवलं नाही, वहीत नुसतं मांडत गेली. नंतर एकेक जण गावी गेला. काहींनी मनिऑर्डरी केल्या, बहुतेकांना जमलंच नाही. ती वही तिने फाडली नाही.

डिलाईल रोडवाला:
ताई, आमचे काका तेव्हा करी रोडच्या एका गाळ्यात राहायचे, पाटण तालुक्यातल्या माणसांचा गाळा होता. संपात गावी गेले ते परत आलेच नाहीत, आणि मरेपर्यंत म्हणायचे खानावळवाल्या मावशीचे पैसे राहिले. त्या वहीत पाटणकडची नावं आहेत का बघाल?

खानावळवालीची मुलगी:
करी रोडचीच माणसं जेवायची आमच्याकडे. माळ्यावर ट्रंकेत आहे वही, रविवारी काढते. काकांचं नाव कळवून ठेवा मला.