अदिस अबाबा आणि पुढे लालिबेला: आई-बाबांना घेऊन १० दिवस, प्लॅन बघाल का?

भटकवेडी:
जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन इथिओपियाला जायचं घाटतंय. अदिसला ३ दिवस, मग लालिबेला, जमलं तर हरार. दोघं पक्के शाकाहारी, त्यात बाबांचे गुडघे दुखतात. खायचे हाल होतील का? आणि लालिबेलाला रस्त्याने जावं की विमानाने? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.

दोन_चपला:
ताई, खाण्याची काळजीच सोडा. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवार-शुक्रवार उपास करतात, त्यात मांस-दूध-अंडं काही चालत नाही, आणि ७ जानेवारीला त्यांचा नाताळ म्हणजे गेन्ना असतो, त्याआधी तर ४० दिवसांहून जास्त उपास, म्हणजे तुम्ही अगदी बरोबर वेळेला चाललाय. हॉटेलात 'त्सोम' (म्हणजे उपास) म्हणायचं, बेयाय्नेतू नावाचं ताट मागवायचं. परातीएवढी आंबूस जाळीदार इंजेरा (धिरड्यासारखी भाकरी) येते नि तिच्यावर मसूर, बीट, कोबी, पालेभाजी असे छोटे छोटे ढीग. शिरो नक्की खा, अगदी पिठलं!

एक मात्र लक्षात ठेवा, तिथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १. आमचा ड्रायव्हर 'दोनला येतो' म्हणाला, आम्ही दुपार समजून निवांत, आणि तो बिचारा सकाळी ८ पासून खाली उभा. वेळ ठरवताना सकाळ की दुपार हे विचाराच.

कॉफीपुरता:
लालिबेला विमानानेच करा. लालिबेला ज्या अम्हारा भागात आहे तिथे २०२३ पासून संघर्ष चालू आहे, त्यामुळे रस्त्याचा विचारही नको, आणि निघायच्या आधी तिथली ताजी परिस्थिती बघूनच तिकीट काढा. खडकात कोरून काढलेली ११ चर्चेस आहेत, त्यातलं बेत गियोर्गिस वरून बघितलं की जमिनीत क्रॉस रुतवल्यासारखा दिसतो, मी तर काठावर नुसता बसून राहिलो. पण बाबांसाठी सांगतो, पायऱ्या उंचसखल आहेत, प्रत्येक चर्चबाहेर बूट काढायचे, आणि एका बोगद्यात इतका मिट्ट काळोख की भिंतीला हात लावत चालावं लागतं. तो बोगदा त्यांना नका करायला लावू. गेन्नाला तिथे यात्रेकरूंची तुफान गर्दी असते, राहायची सोय आधीच करा.

अदिस २३०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे, म्हणून पहिला दिवस नॅशनल म्युझियमपुरताच ठेवा. १९७४ ला सापडलेली ल्युसी, म्हणजे मानवाच्या पूर्वजाचा सांगाडा, तिथेच आहे, ३२ लाख वर्षांपूर्वीचा. तिला ते दिंकिनेश म्हणतात. आणि यलो फिव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, विसरू नका.

भटकवेडी:
खूप खूप आभार दोघांचे! गेन्नाची गर्दी बाबांना झेपणार नाही, लालिबेला ७ तारखेनंतर ठेवते आणि आधी हरारजवळच्या दिरे दावाला विमानाने जाऊन हरार उरकते. लसीची अपॉइंटमेंट उद्याच घेते.