पहिलं वर्ष बुडत नाही, पण क्रेडिट जमा झालेत का ते बघा

गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात बीएचं पहिलं वर्ष करून मुलीला थांबावं लागलं तर वर्ष वाया जाईल का, असा प्रश्न आहे. नवीन शैक्षणिक धोरणाखाली प्रवेश असेल तर जात नाही. किमान ४० क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे अभ्यासाचे एकक) आणि त्यावर ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप झाली, की प्रमाणपत्र मिळतं. ही ४ क्रेडिट राहून जाऊ देऊ नका. परतायची मुदत तीन वर्षं, पदवी सात वर्षांच्या आत.

खरी अडचण एबीसी आयडीची, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याच्या क्रमांकाची. डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये हा १२ अंकी क्रमांक आधारवरच्या नावानं तयार होतो. गुणपत्रिकेवर मात्र आडनाव आधी असतं, आधारवर कधी वडिलांचं नावच नसतं. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला तरी क्रेडिट खात्यात न दिसण्याची शक्यता असते. विद्यार्थ्याला ती स्वतः चढवता येत नाहीत, ते काम विद्यापीठाचं. म्हणून आधी आधार दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे दुरुस्त करा, मग कॉलेजमार्फत परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि पोचवर शिक्का घ्याच. क्रेडिट खात्यात दिसेपर्यंत टीसी काढू नका.