मदत हवी आहे: पीटेन नसलेल्या पेशीत पीआयपी३ जातं कुठे?

नमस्कार. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करते. एका ब्लॉटपाशी (पेशीतली प्रथिनं पट्ट्यांच्या, म्हणजे बँडच्या रूपात दाखवणारी चाचणी) पंधरा दिवस अडकले आहे. इथे पेशीजीवशास्त्रातली मंडळी आहेत, म्हणून मुद्दाम मराठीत विचारते. मराठीत मांडायला घेतलं की आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं.

इतर वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. पेशीपटलाच्या आतल्या बाजूला पीआयपी२ नावाचं लिपिड असतं. बाहेरून इन्सुलिनसारखा संदेश आला की पीआय३के हे एन्झाइम त्याच्या इनोसिटॉलच्या कड्यावर तिसऱ्या जागी एक फॉस्फेट लावतं आणि पीआयपी३ तयार होतं. हे पीआयपी३ म्हणजेच निरोप. तो दिसला की एकेटी हे प्रथिन पटलाकडे धावतं, तिथे त्याच्यावर ३०८ आणि ४७३ या दोन जागी फॉस्फेट लागतात, आणि पेशीला ‘जग, वाढ’ असा हुकूम जातो. पीटेन हे तिसऱ्या जागचा फॉस्फेट काढून निरोप पुसून टाकतं. १९९७ मध्ये पीटेनचा जनुक सापडला तेव्हा ते प्रथिनांवरचे फॉस्फेट काढत असावं असा अंदाज होता. त्याचं खरं काम या लिपिडवर आहे हे माएहामा आणि डिक्सन यांनी १९९८ मध्ये दाखवलं.

आता माझी अडचण. माझ्याकडे दोन प्रकारच्या पेशी आहेत. यू८७ मध्ये पीटेन नाही, एलएन२२९ मध्ये शाबूत आहे. रात्रभर सिरम (पेशींना वाढीचे संदेश देणारा रक्तद्रव) काढून ठेवलं तर एलएन२२९ मध्ये ४७३चा बँड जेमतेम दिसतो, यू८७ मध्ये मात्र काळाकुट्ट. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. मग दोन्हींना १०० नॅनोमोलर वॉर्टमॅनिन अर्धा तास दिलं, म्हणजे पीआय३के बंद केलं. यू८७ मधलाही बँड गेला! तीनदा केलं, तीनदा तेच. एकूण एकेटी तेवढंच आहे, ट्यूब्युलिन हे तुलनेसाठीचं प्रथिन सारखं आहे, पॉन्सो या प्रथिनं रंगवणाऱ्या रंगात सगळ्या लेन एकसारख्या लाल दिसतात.

मी खुशीत ब्लॉट सरांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “नळ बंद केलास हे ठीक. पण मोरीच बुजलेली आहे ना? मग पाणी गेलं कुठे?” मला उत्तर देता आलं नाही.

वाचलं तेव्हा शिप२ हे एन्झाइम सापडलं. ते पाचव्या जागचा फॉस्फेट काढतं, म्हणजे पीआयपी३ संपवण्याची दुसरी वाट आहेच. पण त्यातून जे उरतं, तीन आणि चार या जागी फॉस्फेट असलेलं लिपिड, त्यालाही एकेटी चिकटतं! मग बँड उतरायलाच नको होता. इथे माझं डोकं चालेनासं होतं.

तर विचारायचं हे: पीटेनशिवाय हा निरोप पुरता कोण पुसतं? आणि आमच्याकडे लिपिड मोजायचं मास स्पेक्ट्रोमीटर नाही, तर नुसत्या ब्लॉटवरून ‘पीआयपी३ कमी झालं’ असं लिहू का? तीन आठवड्यांनी समितीपुढे उभं राहायचं आहे.

प्रतिसाद १

ताई, सरांचा प्रश्न रास्त आहे आणि तुम्ही उत्तराच्या अगदी दाराशी उभ्या आहात. शिप२पाशी थांबू नका, एक पायरी पुढे जा. आयएनपीपी४ए आणि आयएनपीपी४बी ही एन्झाइमं त्या उरलेल्या लिपिडच्या चौथ्या जागचा फॉस्फेट काढतात. राहतो फक्त तिसऱ्या जागचा, आणि त्याला एकेटी चिकटत नाही. म्हणजे आधी पाच, मग चार, अशी दोन टप्प्यांची वाट. पीटेन असताना ती झाकोळलेली असते. तुमच्या पेशींत यातलं कोणतं एन्झाइम किती आहे, याचा ब्लॉट आधी करा.

दुसरं. तुमचा बँड लिपिड दाखवत नाही, एकेटीची अवस्था दाखवतो. एकेटी पटलावरून सुटलं की ३०८चा फॉस्फेट पीपी२ए काढतं आणि ४७३चा पीएचएलपीपी. त्यातच ४७३वर फॉस्फेट लावतं एमटॉरसी२ (एमटॉर या एन्झाइमचा प्रथिनसंच), आणि वॉर्टमॅनिनचा डोस चढला की ते एमटॉरलाही धरतं. त्यामुळे एकट्या ४७३वर भिस्त ठेवू नका. ३०८ची अँटिबॉडी लावा, आणि पिक्टिलिसिबसारखं नेमकं पीआय३केवर बसणारं औषध घेऊन तोच प्रयोग पुन्हा करा. वॉर्टमॅनिन माध्यमात लवकर निकामी होतं. डीएमएसओ या द्रावकात छोटे छोटे भाग करून गोठवा, एकदा वितळलेलं परत वापरू नका.

मास स्पेक नसलं तरी अडत नाही. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेले पीएच डोमेन (लिपिडला चिकटणारे प्रथिनांचे भाग) वापरा. जीआरपी१चं डोमेन फक्त पीआयपी३ला चिकटतं, टॅप१चं फक्त त्या तीन-चारवाल्या लिपिडला. एकेटीचं स्वतःचं डोमेन दोन्हींना चिकटतं, म्हणून तुमच्या प्रश्नाला ते निरुपयोगी. जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून औषध द्या. यू८७ मध्ये सुरुवातीला पेशीची कड हिरवी लखलखीत दिसायला हवी. आधी जीआरपी१ची कड विझली आणि टॅप१ची थोडी रेंगाळून मागाहून विझली, तर दोन टप्पे डोळ्यांनी बघितल्यासारखंच. मग शिप२ला एसआयआरएनए लावून (म्हणजे त्याचं बनणं दाबून) बघा, जीआरपी१ला वेळ लागायला हवा. डोमेन भरमसाट व्यक्त होऊ देऊ नका, ते स्वतःच लिपिड अडवून धरतं आणि संदेशच दबतो. फिकट हिरव्या पेशी निवडा.

आणि यू८७ची एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणं) झाली नसेल तर करून घ्या. जगभर वाटली गेलेली यू८७ ही स्वीडनमधल्या उप्साला इथल्या मूळ रुग्णाच्या गाठीशी जुळत नाही, हे २०१६ मध्ये उघड झालं आहे. पेशी ग्लायोमाच्याच असाव्यात, पण समितीत कुणी विचारलं तर कागद हातात असू दे.

धागाकर्ती

खूप खूप आभार. चौथ्या जागेचा विचारच केला नव्हता, सगळं लक्ष तीन आणि पाचवर होतं. काल रात्री थांबून जुन्याच लायसेटवर (पेशी फोडून काढलेल्या अर्कावर) ३०८ची अँटिबॉडी लावली. यू८७ मध्ये वॉर्टमॅनिननंतर तोही बँड गेला आहे, म्हणजे निदान ही नुसती एमटॉरची करामत नाही. सरांना दाखवलं. ‘पीआयपी३ कमी झालं’ हे वाक्य सध्या खोडायचं आणि ‘एकेटीवरचे फॉस्फेट उतरले’ एवढंच लिहायचं असं ठरलं.

जीआरपी१चा प्लाझ्मिड (ते डोमेन बनवणारा डीएनए) शेजारच्या प्रयोगशाळेत मिळाला, ट्रान्सफेक्शन (तो पेशींत घालणं) सोमवारी लावते. टॅप१चा मात्र कुठे नाही. पुण्यात किंवा मुंबईत कुणाकडे असेल तर कृपया व्यनि करा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.