लेकीला टीममध्ये घेतलं नाही, 'मॅनेजर हो' म्हणाले. हो म्हणावं का?

लोकमान्यनगरवाली
नमस्कार. इंदूरहून लिहिते आहे. लेक नववीत, उंची पाच फूट एक इंच, बास्केटबॉलचं वेड सहावीपासून. शाळेत १७ वर्षांखालच्या मुलींचा संघ निवडला, बारा जणींत हिचं नाव नाही. सरांनी बोलावून सांगितलं, "तू टीमची मॅनेजर हो. स्कोअर लिही, सामानावर लक्ष ठेव, बेंचवर आमच्यासोबत बस." ती उड्या मारत घरी आली. चिडले मी.

सासूबाई म्हणतात, "म्हणजे पोरीला बाटल्या भरायला ठेवलं." नवरा म्हणतो, पुढच्या वर्षी दहावी, आपसूक खेळ सुटतोय तर सुटू दे. मला दोन्ही पटत नाही, पण भांडायला तरी खेळातलं कळायला हवं ना! आमच्या वेळी लंगडी आणि खो-खो, बस्स.

जाणकारांनी सांगा: या मॅनेजरकीत शिकण्यासारखं काही असतं का? की एकदा वही हातात आली की बॉल गेलाच? आणि टीम संभागाला, म्हणजे विभागीय स्पर्धेला, बाहेरगावी गेली तर हिला नेतील का?

भिया_सुदामानगर
ताई, पाच-एकला बास्केटबॉलमध्ये कोण विचारणार? अभय प्रशाल या इनडोअर स्टेडियमला टेबल टेनिसला घाला, विषय संपला.

निवृत्त_पीटीबाई
भिया, रिंग ३.०५ मीटरवर असते, ती सहा फुटीलाही उंचच. बॉल पुढे आणणारी गार्ड बुटकी असली तर बिघडत नाही, तिचा ड्रिबल, म्हणजे जमिनीवर आपटत नेलेला बॉल, खाली राहतो आणि उंच मुलींना तो काढून घेता येत नाही. निवडीच्या दिवशी सरांची नजर आधी उंचीवर जाते, हे मात्र खरं.

लोकमान्यनगरताई, मी शाळेत पीटी शिकवलं आणि मुलींच्या टीमबरोबर लेडी मॅनेजर म्हणून पुष्कळ फिरले, म्हणून लिहिते. आधी एक गोष्ट वेगळी करा. स्पर्धेच्या कागदावर जी 'मॅनेजर' असते ती मोठी बाई, बहुधा शिक्षिका. पात्रता फॉर्म, जन्मदाखले, मुक्कामाची खोली, रात्री कोणाला ताप आला तर दवाखाना, सगळं तिच्याकडे. तुमच्या लेकीला सरांनी दिलंय ते घरचं पद. ते यादीत नसतं, म्हणून बाहेरगावी नेतीलच असं धरून चालू नका. खेळाडूचं प्रमाणपत्रही मिळणार नाही. हे तिला आजच सांगा, स्पर्धेच्या आदल्या रात्री कळलं तर रडेल.

आता शिकण्याचं. स्कोअरशीट नीट लिहिता येणं हे साधं काम नाही. बास्केट झाली की चालू स्कोअरच्या आकड्यावर तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा नंबर. लांबून मारलेली, तीन गुणांची असेल तर त्या नंबराला गोल. फ्री थ्रोला, म्हणजे फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फेकीला, भरीव टिंब. प्रत्येकीच्या फाउलचे पाच चौकोन, पाचवा भरला की ती बाहेर. टीमचे फाउल वेगळे मोजायचे: एका क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या पाव भागात, चार झाले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो. टाइम-आउट पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन. ही वही जिच्या हातात, तिला मैदानावरच्या मुलींच्या आधी कळतं की समोरच्यांचे चार फाउल भरलेत, आता लांबून मारत बसू नका, बॉल घेऊन आत घुसा. हे सरांच्या कानात वेळेवर सांगितलं तर सामना फिरतो.

माझ्याकडे अशी एक मुलगी होती. शीट टेबलावरची माणसं लिहायची, ही आपल्या वहीत अर्धं मैदान काढून कोण कुठून मारते ते टिपायची, गेला तर गोल, चुकला तर फुली. मध्यंतरात म्हणाली, "बाई, त्यांची नऊ नंबर डावीकडून जातच नाही." बघितलं तर खरंच. आमच्या मुलीने तिची उजवी बाजू अडवली आणि नऊ नंबरचा खेळ बसला. सामना आम्ही तरी हरलोच, कारण आमच्या पोरींना फ्री थ्रो घालता येत नव्हते. त्याला वही काय करणार?

पण सरांकडून एक गोष्ट कबूल करून घ्या: रोजच्या सरावात ती बूट घालून उतरेल. पाच-पाचच्या सरावाला दहा जणी लागतात आणि एखादी रोज गैरहजर असतेच. बाटल्या ज्याने त्याने भराव्यात. शाळेत बॉल कुठला आहे तेही बघा. मुलींचा ६ नंबरचा, हलका. बऱ्याच शाळांत मुलांचा जड ७ नंबरच मुलींच्या हाती देतात आणि मग म्हणतात, हिचा शॉट पोचत नाही.

आणि रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सला सामने असतील तेव्हा तिला घेऊन जा, तुम्हीही बसा. जाता जाता सांगते, भिलाई २००० सालापर्यंत आपल्याच मध्य प्रदेशात होतं. तिथे प्रशिक्षक राजेश पटेल यांनी घडवलेल्या मुलींनी पुढे छत्तीसगडला कितीतरी राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. हे दिल्ली-मुंबईत नाही, पोलादाच्या कारखान्याच्या गावात घडलं.

बडोद्याची_गार्ड
बाईंचं सगळं पटलं, फक्त एक भीती. आमच्या शाळेत एकीने वही इतकी छान ठेवली की सर तिला सोडेनातच. दोन वर्षं ती वहीवालीच राहिली, आणि शॉट तिचा माझ्यापेक्षा बरा होता. म्हणून काकू, आठवीतल्या एखाद्या मुलीलाही शेजारी बसवून शिकवायला सांगा. दुसरी तयार असली की पहिलीला सोडायला सरांना कारण उरत नाही.

लोकमान्यनगरवाली
बाई, तुमचं लिहिलेलं घरी मोठ्याने वाचून दाखवलं. नवरा गप्प आहे, म्हणजे अर्धं जिंकलं. आज सरांना भेटले. सराव रोज करू देणार. संभागाला नेण्याचं म्हणाले, "बघू." आठवीतल्या मुलीची कल्पना त्यांना फारशी आवडली नाही, "एवढ्या जणी बेंचवर कशाला" म्हणे. लेक आत्ताच पेन आणायला निघाली आहे. कुठलं आणू विचारते.

निवृत्त_पीटीबाई
एक लाल, एक निळं. पहिला आणि तिसरा क्वार्टर लालने, दुसरा-चौथा निळ्याने. जेल पेन नको, घामाच्या हाताने फरफटतं. आठवीतलीला बेंचवर नका बसवू, सरावाला बसवा, त्याला सर नाही म्हणायचे नाहीत. आणि सरांच्या "बघू"ला तारीख विचारा. फॉर्म जायच्या आधी उत्तर पाहिजे म्हणावं.