टायटॅनियमवर कोटिंगची पीएचडी घेऊ का? बाबा म्हणतात रंगारी होशील

दारव्हा_साईड
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातली, अमरावती विद्यापीठातून एमएस्सी केमिस्ट्री झालं, नेट निघाली जेआरएफसकट (म्हणजे पीएचडीला दरमहा मिळणारी फेलोशिप). आता एका लॅबमध्ये पीएचडीची जागा मिळून राहिली, विषय आहे हाडात बसवतात त्या टायटॅनियम इम्प्लांटवरचं कोटिंग. सरांनी फोनवर अर्धा तास समजावलं, मला त्यातलं अर्धंच कळलं. घरी सांगितलं तेव्हा बाबा सोयाबीन वाळत घालून राहिले होते, वर न पाहताच म्हणाले, "येवढं शिकून लोखंडाले रंगच माराचा हाये त चौकातल्या रंगाऱ्याच्या हाताखाली धाडलं असतं, फी तरी वाचली असती." आई हसली. मला हसू आलं नाही कारण मनात तेच चालू होतं.
या लाइनमध्ये दिवसभर करतात काय, आणि पुढे नोकरी आहे का की परत मास्तरकीच्या इंटरव्ह्यूच्या रांगेत उभं राहायचं? कोणी आतलं असेल तर खरं सांगा, मोटिवेशन नको.

जुना_लॅबवाला
मी आर्वीकडचा, या कामात २२ वर्षं झाली. बाबा फार चुकले नाहीत, फक्त रंगारी नको, कल्हईवाला म्हण. आमच्या गावात यायचा, भाता लावून भांडं तापवायचा, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं घासायचा, तो पांढरा धूर नाकात गेला की आम्ही पोट्टे पळायचो. कथिल फिरवायला दोन मिनिटं लागायची, खरं काम त्याच्या आधीचं, कारण तांब्यावरचा ऑक्साइड निघाल्याशिवाय कथिल धरतच नाही. तुझंही तसंच होईल. सुरुवातीचे कितीतरी महिने रुपयाएवढ्या टायटॅनियमच्या चकत्या घासणं, मग अल्ट्रासॉनिकमध्ये (आवाजाच्या लहरींनी धुणारं मशीन) ॲसिटोन, मग अल्कोहोल, मग पाणी, नायट्रोजननं वाळवणं, आणि चिमट्यानंच उचलायचं, बोट लागलं की परत पहिल्यापासून.

माझा किस्सा सांगतो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझं पॉलिमरचं कोटिंग ऑटोक्लेव्हमधून (वाफेनं निर्जंतुक करायचा कुकर) १२१ डिग्रीवर काढलं की पोपडे निघायचे, पावसाळ्यानंतर मातीच्या भिंतीचं सारवण सुटतं ना अगदी तसे. केमिस्ट्री बदलली, तापमान बदललं, दोन महिने गेले, गाइड बोलायचेच बंद झाले. शेवटी कोटिंग न केलेली चकती एक्सपीएसमध्ये टाकली (हे मशीन फक्त वरच्या दहा-एक नॅनोमीटरमध्ये काय आहे ते सांगतं) तर त्यात सिलिकॉन! टायटॅनियमवर सिलिकॉनचं काय काम? चकत्या धुऊन मी डिसिकेटरमध्ये (दमट हवा लागू नये म्हणून वापरतात ते घट्ट झाकणाचं भांडं) ठेवायचो, आणि त्याच्या झाकणाला कोणीतरी सिलिकॉन ग्रीस थापलं होतं. ते हळूहळू सरकत सगळीकडे पसरतं, डोळ्याला दिसत नाही आणि त्यावर काही चिकटत नाही. दोन महिने मी ग्रीसवर कोटिंग करत होतो. तेव्हापासून नवीन पोरगं आलं की मी आधी त्याला भांडी कशी धुतो ते विचारतो.

आता टायटॅनियमच का. १९५२ साली स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क नावाचा माणूस सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून आत रक्त कसं फिरतं ते पाहत होता, प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेला तर ती निघेना, हाड तिला धरून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यानं पहिल्या माणसाच्या जबड्यात दाताचे स्क्रू बसवले. टायटॅनियमवर हवेतच काही नॅनोमीटरचा ऑक्साइड आपोआप बसतो, सगळी मेहेरबानी त्याची. हाडानं अजून लवकर धरावं म्हणून वरून हायड्रॉक्सीअॅपेटाइट देतात, म्हणजे आपल्या हाडात असतं तेच कॅल्शियम फॉस्फेट. प्लाझ्मा स्प्रेनं मारतात, ज्योत दहा हजार डिग्रीच्या वर जाते. पावडर जास्त तापली तर स्फटिक मोडतो आणि थर शरीरात लवकर विरघळतो, कमी तापली तर चिकटत नाही. जाड मारला तर तडकतो, पातळ मारला तर टिकत नाही, शेवटी केसाच्या जाडीच्या आसपास कुठेतरी जमतं. या चार ओळींच्या भांडणात लोकांचं करिअर निघून जातं, माझंही निम्मं त्यातच गेलं.

दुसरं भांडण जंतूंशी. इम्प्लांट आत गेला की हाडाच्या पेशी आणि स्टॅफिलोकोकस दोघंही त्याच पृष्ठभागासाठी धावतात, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं. जंतू आधी बसले तर वर चिकट थर करून बसतात, मग अँटिबायोटिकलाही दाद देत नाहीत आणि पुष्कळदा इम्प्लांटच काढावा लागतो. म्हणून हाडाला आवडेल पण जंतूला नाही असा पृष्ठभाग पाहिजे, आणि दोघांच्या आवडी बऱ्याच सारख्या निघतात, बोंब तिथे आहे.

पैशाचं, जेआरएफ ३७ हजार, दोन वर्षांनी तीच फेलोशिप एसआरएफ होते, ४२ हजार, वर घरभाडं. वेळेवर येईल असं धरून उधारी करू नको, माझी एकदा सात महिने अडकली होती, मेसवाल्या काकूंनी जगवलं.

पऱ्हाटीवाला
मले यातलं काही समजत नाही पण एक विचारतो. आपण फवारणीत स्टिकर टाकतो, नाही टाकलं त पानावरून थेंब घरंगळून जाते. हे तेच काय?

जुना_लॅबवाला
भाऊ, अगदी तेच. आम्ही त्या थेंबाचा पानाशी होणारा कोन मोजतो. धोप्याच्या (अळूच्या) पानावर थेंब गोटीसारखा उभा राहतो, तिथे कोन ९० च्या बराच वर. स्टिकरनं थेंब पसरतो, कोन खाली येतो. लॅबमध्ये चकती नीट धुतली गेली का याची पहिली परीक्षा हीच, पाण्याचा थेंब टाकायचा, गोल बसला तर वर तेलकट काहीतरी आहे.

वणी_ते_वापी
मी फॅक्टरीत आहे, कोटिंगच्या क्वालिटीत. ताई, नोकऱ्या आहेत पण विदर्भात जवळजवळ नाहीत, बॅग भरायची तयारी ठेव. स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात ती जाळी) सुरत-वापीकडे, हाडांचे इम्प्लांट राजकोटकडे. स्टेंटवर औषधाचं कोटिंग असतं, कॅथेटरवर (शरीरात घालायची बारीक नळी) ओलं झालं की बुळबुळीत होणारं. लॅबवाले सांगत नाहीत ते मी सांगतो, आमचं निम्मं काम कागदाचं. २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस नियमात ए ते डी असे वर्ग आहेत, स्टेंट डी मध्ये, म्हणजे सगळ्यात जोखमीचा. साधा सॉल्व्हेंटचा सप्लायर बदलायचा म्हटलं तरी आधी सिद्ध करा की काही फरक पडला नाही, कधी पेशींवरच्या चाचण्याही परत. तिकडे मालक विचारतो माल कधी निघणार. माझ्या आधीच्या कंपनीत शिफ्ट संपायच्या घाईत एकानं रॅक अर्धवट वाळलेला पुढे ढकलला, पूर्ण लॉट भंगारात गेला आणि मेमो मला. पीएचडी असली तर निदान तुझं ऐकतात, आम्ही एमएस्सीवाले सह्या करतो.

मोर्शीकर
विषय सोडून विचारतो, माफ करा. माझ्या आजीचा खुबा मोडला, ७८ वय, डॉक्टर सिमेंटवाला बसवू म्हणतात. इथं वाचून वाटलं कोटिंगवाला मागावा का?

जुना_लॅबवाला
नाही दादा. कोटिंगवाल्यात हाडानं स्वतः वाढून धरायचं असतं, म्हाताऱ्या ठिसूळ हाडात सिमेंट पहिल्या दिवसापासून पकडतं, म्हणून या वयात बरेच डॉक्टर तेच निवडतात. त्यांनाच विचारा, इथलं वाचून आजीचं ठरवू नका.

दारव्हा_साईड
सगळ्यांना थँक्यू. पऱ्हाटीवाला भाऊंचा प्रश्न बाबांना वाचून दाखवला. ते पंप धूत होते, म्हणाले स्टिकर त आमी सांगितलं असतं, त्याच्यासाठी नेट काऊन पाह्यजे. पण मग स्वतःच उठून धोप्याच्या पानावर पाणी टाकून पाहिलं, आणि दुसऱ्या पानावर स्टिकर टाकून. सरांना होकार कळवला आहे, १ तारखेला जॉइन.
लॅबवाले काका, एक राहिलं, झाकणाला ग्रीस नाही तर मग काय लावता?

जुना_लॅबवाला
काहीच नाही. रबरी रिंगवालं झाकण घे, आणि चकत्या झाकणाच्या काचेच्या डिशमध्ये ठेव. डिशवर तारीख टाक, चकतीवर पेननं काही लिहू नको.